छोट्या युद्धनौकांची ७६ मिमी तोफ : मिनिटाला १२० गोळे

ग्वाल्हेर : झाशीचा ‘भेल’ कारखाना ग्वाल्हेरकरांना माहीत आहे तो ट्रान्सफॉर्मर आणि रेल्वे इंजिनांसाठी. याच सरकारी कंपनीचा हरिद्वारचा कारखाना नौदलासाठी तोफाही बनवतो. ही ७६ मिमीची ‘सुपर रॅपिड गन माउंट’, म्हणजेच एसआरजीएम. मूळ रचना इटलीच्या ओटो मेलारा कंपनीची. भेल ती परवान्याखाली बनवते.

हलकी का हवी?
छोट्या जहाजाच्या डेकवर जड तोफ बसवली की वरचा भार वाढतो आणि जहाज लाटांत जास्त डोलतं. एसआरजीएमचं वजन दारूगोळा सोडून सुमारे ८ टन. वरचं कवच फायबरग्लासचं आणि आत माणूस बसत नाही. त्यामुळे जेमतेम ५६ मीटर लांबीच्या नौकेवरही ती बसते. मुंबईच्या माझगाव डॉकमधली ‘प्रबळ’ आणि गोवा शिपयार्डची ‘प्रलय’ ही त्याची उदाहरणं. दोन्ही २००२ मध्ये नौदलात आल्या. याच वर्गातल्या आधीच्या नौकांवर रशियन तोफ होती.

वेग कशासाठी?
समुद्राला लागून येणारं क्षेपणास्त्र सेकंदाला ३०० मीटर वेगाने आलं, तर शेवटचे ५ किलोमीटर ते १७ सेकंदांत कापतं. तेवढ्यात ही तोफ ३४ गोळे सोडू शकते. गोळा थेट लागलाच पाहिजे असं नाही. विमान किंवा क्षेपणास्त्र जवळ येताच तो फुटेल असा फ्यूज त्याला लावता येतो. जहाजांवरचा मारा सुमारे १६ किलोमीटरपर्यंत जातो. २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात इटलीच्या युद्धनौकांनी ७६ मिमी तोफांनी ड्रोन पाडले. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र खर्च करण्यापेक्षा हे परवडतं.

मर्यादा कुठे?
तोफेखालच्या फिरत्या मॅगझिनमध्ये सुमारे ८० गोळे मावतात. सलग मारा केला तर ४० सेकंदांत ते रिकामं! पुढचे गोळे डेकखाली खलाशांनाच हाताने भरावे लागतात. म्हणून नेम धरणारं रडार आणि तयारीचे खलाशी तोफेइतकेच मोलाचे.

पुढे काय?
संरक्षण मंत्रालयाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी भेलशी १६ सुधारित तोफांचा २,९५६.८९ कोटी रुपयांचा करार केला. सोबतची उपकरणं धरून हिशेब केला तर एका तोफेमागे जवळपास १८५ कोटी पडतात. नौदलाच्या सेवेतल्या आणि नव्या, अशा दोन्ही जहाजांवर त्या बसणार आहेत.