शिगी डोंगरावरचं कोठार आणि एक बहीण

ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी रील टाकली होती: ‘जगातला पहिला ॲनिमे, वय ८०० वर्षं’. तांदळाचं कोठार हवेत उडत चाललंय, खाली माणसं तोंड वासून धावताहेत. तीन वेळा पाहिली आणि मूळ चित्र शोधायला बसलो.

ते ‘शिगिसान एंगी’. जपानमधल्या १२व्या शतकातल्या तीन चित्रगुंडाळ्या. उंची जेमतेम फूटभर, लांबी मिळून ३० मीटरांहून जास्त. नाराजवळच्या शिगी डोंगरावर म्योरेन नावाचा भिक्खू राहायचा. त्याचं भिक्षापात्र आपलं आपण उडत एका श्रीमंताकडे जायचं आणि भरून परत यायचं. एकदा ते कोठारात राहून गेलं, दार बंद झालं. मग पात्राने कोठारच उचलून डोंगरावर नेलं. गुंडाळी डाव्या हाताने उलगडायची, उजव्याने गुंडाळत जायची. एका वेळी हातभर चित्र दिसतं, त्यामुळे कोठार कुठे चाललंय ते पुढचं उलगडल्याशिवाय कळत नाही. आपण अंगठ्याने करतो तेच, फक्त आडवं.

‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’चा दिग्दर्शक इसाओ ताकाहाताने १९९९ साली अशा गुंडाळ्यांवर पुस्तक लिहिलं, नावच ‘१२व्या शतकातलं ॲनिमेशन’. रीलमधला दावा त्याचंच पातळ केलेलं रूप असावं. कोठारापर्यंत मला तो पटलाही. अडकलो तिसऱ्या गुंडाळीत.

म्योरेनची थोरली बहीण, तीही भिक्खुणी, शिनानो प्रांतातून निघालीय. भाऊ दीक्षा घ्यायला नाराला गेला त्याला २० वर्षं उलटलीत, काही खबर नाही. वाटेत भेटेल त्याला विचारते, कुणालाच माहीत नाही. शेवटी तोदाईजीच्या महाबुद्धासमोर रात्र काढते. चित्रात मंदिर एकच, बुद्ध एकच, ती मात्र अनेक: इथे हात जोडलेली, तिथे आडवी झालेली, पलीकडे निघालेली. (आपल्या अजिंठ्यात १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर असाच पुन्हा पुन्हा भेटतो.) स्वप्नात बुद्ध सांगतो, नैऋत्येला जांभळा ढग दिसेल, त्या डोंगराकडे जा.

माझं रोजचं काम ॲपमधल्या हालचालींचं. एक स्क्रीन सरकते, दुसरी येते. पहिली गेल्याशिवाय दुसरीला जागा नाही. ॲनिमेशनचंही तसंच. इथे चित्रकाराने काहीच पुसलेलं नाही. ती झोपली तरी प्रार्थना करणारी ती तिथेच बसलीय. याला ॲनिमे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

ते मंदिर ११८०च्या युद्धात जळालं. आज पर्यटक पाहतात ते १७०९ साली पुरं झालेलं, मूळच्यापेक्षा अरुंद. जुनं कसं दिसायचं याचा अंदाज अभ्यासक याच चित्रावरून बांधतात.

भाऊ सापडतो. त्याला थंडी वाजत असेल म्हणून बहिणीने जाडजूड कपडा आणलेला असतो. तोवर तो कागदी वस्त्रावर दिवस काढत होता. तो कपडा अंगात घालतो, ती तिथेच राहते. पुढे त्याच्या चिंध्या लोक ताईत म्हणून नेऊ लागले, असं कथा सांगते.

रीलमध्ये यातलं काही नव्हतं. कोठार उडालं की ती संपते.