परवलीचा शब्द आणि किल्ल्यांची पेटी

‘पासवर्ड’ला मराठी प्रतिशब्द हुडकीत बसण्याचे कारण नाही, तो आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. परवलीचा शब्द. छावणीत तो रात्री ठरावयाचा, पहारेकऱ्यांच्या कानांत सांगावयाचा आणि उजाडले की त्याचे काम संपावयाचे. तो साऱ्या छावणीचा मिळून एकच असे. माणसागणिक निराळा शब्द असावा आणि तो ज्याचा त्याने जन्मभर तोंडपाठ ठेवावा, ही कल्पना मात्र अगदी अलीकडची. संगणकाच्या जगात ती आमच्याहून जेमतेम दहा वर्षांनी वडील आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत 1961 साली फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था करून दाखविली. यंत्र एक, वापरणारे पुष्कळ. ज्याचे काम त्याच्यापुरते राहावे आणि ज्याचा वेळ त्याच्याच नावे पडावा, म्हणून प्रत्येकास एक शब्द देण्यात आला. दरोडेखोरांचे भय तेव्हा कोणाच्या मनात नव्हते. यंत्राचे तास मोजून वाटलेले होते, एवढेच.

तासांचा हिशेब हा आम्हां युनियनवाल्यांचा जन्माचा विषय असल्यामुळे पुढील हकीकत आम्हांस विशेष गोड वाटते. अ‍ॅलन शेर नावाच्या विद्यार्थ्यास आठवड्याला चार तास मिळत. त्याचे काम त्यात भागत नसे. 1962 साली एका शुक्रवारी रात्री त्याने, फाइल छापून द्यावी अशी विनंती करणारे एक छिद्रांकित कार्ड रीतसर दाखल केले. फाइल कोणती? तर सर्वांच्या परवलीच्या शब्दांची! शनिवारी पहाटे जाऊन त्याने छापलेला कागद उचलला आणि इतरांचे तास वापरू लागला. पुढे 1966 साली तर त्याच यंत्रावर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी काम सुरू करी त्याच्यापुढे दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या शब्दांची यादीच छापून येऊ लागली. या दोन्ही प्रसंगांत वापरणाऱ्याचा अपराध काडीचाही नव्हता. यादी ठेवणाऱ्याने ती उघडी ठेविली होती.

यावर उपाय निघाला. बेल लॅबोरेटरीजमधील रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. शब्द जसाच्या तसा ठेवूच नये, दळून ठेवावा. पिठावरून गहू परत करता येत नाहीत. दळताना त्यात थोडे ‘मीठ’ टाकावे – हा शब्द त्यांचाच – म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ सारखे दिसणार नाही. त्याच लेखात त्यांनी 3,289 शब्दांची छाननी दिली आहे. एका अक्षराचे 15, दोन अक्षरांचे 72, तीन अक्षरांचे 464. असे करीत शेकडा 86 शब्द सहज हुडकता येण्याजोगे निघाले.

येथून गाडीने वळण घेतले. यादी ठेवणाऱ्याकडचे बोट वापरणाऱ्याकडे फिरले. 2003-04 च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेतील बिल बर यांनी नियम लिहिले आणि जगभर ‘एक मोठे अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला, ठरावीक मुदतीने बदला’ हा जाच सुरू झाला. 2009 साली रॉकयू या कंपनीकडून 3 कोटी 20 लाख शब्द चोरीस गेले. तिने ते दळले नव्हते. कोरे गहूच कोठारात पडले होते! परंतु आम्हांस आठवते ती थट्टा झाली पुष्कळांनी 123456 हा शब्द घेतला होता याची. कोठार उघडे होते ही गोष्ट मागे पडली.

श्रोतेहो, हा सूर आमच्या ओळखीचा आहे. कामगाराची बोटे यंत्रात गेली की नोंदवहीत शेरा पडे, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. दहा तास उभा असलेला माणूस कधी ना कधी चुकणारच, तेव्हा यंत्रालाच गार्ड बसवा, हे पटवून घ्यायला पिढ्या खर्ची पडल्या. 1948 च्या कारखाना कायद्याचे 21 वे कलम त्याच विषयाचे होते. पन्नास खात्यांचे पन्नास निरनिराळे शब्द पाठ ठेवणे हे मनुष्याच्या डोक्याचे काम नव्हे. तो एकच शब्द सगळीकडे घालतो, आणि एका दुकानातून चोरलेला शब्द चोर दुसऱ्या शंभर दारांना लावून पाहतो.

या यंत्राचा गार्ड म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ब्रूस श्नायर यांनी 1997 साली ‘पासवर्ड सेफ’ नावाचा असा कार्यक्रम काढला आणि तो फुकट दिला. तत्त्व साधे आहे. दर खात्यास निराळा, लांब, अर्थहीन शब्द पेटीच तयार करते आणि कुलूपबंद ठेवते. आपण पेटीचा एक मुख्य शब्द तेवढा लक्षात ठेवावयाचा. आणखी एक गुण असा की बँकेच्या नावाचे खोटे पान समोर आले, तर डोळा फसतो पण पेटी फसत नाही. पत्ता जुळत नाही म्हणून ती आपणहून शब्द भरीत नाही.

कोणी म्हणेल, सगळ्या किल्ल्या एकाच पेटीत? शंका रास्त आहे. 2022 साली लास्टपास कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद पेट्यांच्या प्रती चोरीस गेल्या. ज्यांचा मुख्य शब्द तोकडा, त्यांना खरा धोका. म्हणून तो एक शब्द लांब हवा, आणि तो दुसरीकडे कोठेही वापरलेला नसावा. तरीही आमचा कौल पेटीलाच आहे. खुद्द त्या अमेरिकी मानक संस्थेने 2017 साली मुदतीने बदलण्याची सक्ती नको, पेट्या वापरू द्या, असे सांगितले. बर यांनीही आपल्या जुन्या नियमांबद्दल खेद व्यक्त केला.

पेटी नसली की काय होते ते आम्ही एका कारखान्यात पाहिले. भविष्यनिर्वाह निधीसाठी 2014 पासून कामगारास नोकरी बदलली तरी टिकणारा क्रमांक मिळू लागला. तेथील चाळीस कंत्राटी कामगारांच्या खात्यांना शब्द एकच, आणि तो कंत्राटदाराच्या कारकुनाच्या वहीत. कंत्राट बदलले, कारकून गेला, वहीही गेली. आपल्या घामाचे किती रुपये साठले हे पाहावयास त्या माणसांना कित्येक महिने लागले.

तेव्हापासून रविवारी आम्ही युनियनच्या कचेरीत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पेटी बसवून देतो. एका वयस्क हमालाने विचारले, मुख्य शब्द विसरलो तर? आम्ही म्हटले, कागदावर लिहा आणि रेशनकार्डाबरोबर ट्रंकेत ठेवा. एक शिकलेला तरुण यावर चमकला. परंतु शब्द लिहून पैशांच्या पाकिटात ठेवावा, असे 2005 साली श्नायर यांनीच सांगितले आहे. गृहस्थ आमच्याकडे पाठ करून लिहू लागले. कागदाची घडी घातली, आणि मग बायकोला दाखविला तर चालेल काय, असे विचारते झाले. त्यावर त्या दिवशी बरीच वादावादी झाली.