त्र्यंबकची शिबंदी

१८१८च्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कर्नल मॅक्डॉवेलची फौज ब्रह्मगिरीवरच्या त्र्यंबकगडाच्या पायथ्याशी येऊन ठेपली, तेव्हा गड लढवायला काहीच कमी नव्हतं. माथ्याभोवती शेकडो फूट ताशीव कडा. वर जाणारी वाट कातळात खोदलेली, इतकी अरुंद की पायऱ्यांवर एकामागे एक असंच चढावं लागतं. अशा वाटेवर नुसते धोंडे लोटले तरी पलटण अडते. गडावर पाचशेहून अधिक माणसं होती : मराठे, रजपूत, थोडे सिद्दी आणि अरब.

तरीही तोफांच्या माऱ्यापुढे दोन-तीन दिवसांतच गड खाली झाला. याला भेकडपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

दोनच महिन्यांपूर्वी, २७ फेब्रुवारीला, तापीकाठच्या थाळनेरला काय झालं होतं ते आठवावं. किल्लेदार तुळशीराममामा शरण येण्यासाठी बाहेर आला होता. आतल्या दारापाशी अटींवरून गोंधळ उडाला, अरबांनी शस्त्रं चालवली आणि दोन इंग्रज अधिकारी पडले. सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेने मग शिबंदीची सरसकट कत्तल केली. किल्लेदाराला त्याच दिवशी फासावर लटकवलं. ज्याने स्वतःहून गड सोडला, त्यालाच फाशी! पुढच्या वर्षी लंडनच्या पार्लमेंटमध्येही यावरून हिस्लॉपला बोल लागला.

थाळनेर खानदेशात, त्र्यंबक शेजारच्या नाशिक भागात. ती बातमी ब्रह्मगिरीवर पोहोचली नसेल, हे संभवत नाही. त्यात धनी बाजीराव पेशवा परागंदा, सातारा फेब्रुवारीतच पडलेला. मदतीला येणार कोण? त्र्यंबकच्या शिबंदीने बोलणी लावली आणि ती जिवंत गड उतरली. हे पाहून आसपासचे सतरा किल्ले लढाईविना इंग्रजांच्या हाती गेले.

मालेगावच्या किल्ल्यातल्या अरबांनी मात्र जवळजवळ महिनाभर झुंज दिली. ११ जूनला दारूकोठार उडालं, तटाला खिंडार पडलं, तेव्हा कुठे ते शरण आले. बरीच माणसं गमावूनही इंग्रजांनी तिथे थाळनेर घडू दिलं नाही.

किल्ल्यांपाठोपाठ पेशव्यांचा कारभारी त्र्यंबकजी डेंगळेही जूनअखेर नाशिक भागातच, अहेरगावला पकडला गेला. ठाण्याच्या तुरुंगातून तो १८१६ साली निसटला होता, म्हणून या वेळी त्याला पार गंगेकाठी चुनारच्या किल्ल्यात नेलं. तिथेच कैदेत १८२९ साली तो वारला.