तंबाखूपासून तुडतुड्यापर्यंत

हिंजवडीच्या आयटी पार्कमागे पौडकडे निघालं की भाताची खाचरं लागतात. पावसाळ्याच्या अखेरीस इथे तपकिरी तुडतुडे पडतात. ते बुंध्याशी बसून रस शोषतात आणि उभं पीक गोल चट्ट्यांनी करपतं. मग शेतकरी औषध आणतो. त्यातलं एक म्हणजे इमिडाक्लोप्रिड. त्याचं कूळ तंबाखूचं.

निपाणीच्या रानात पिकणाऱ्या तंबाखूत निकोटिन असतं. किडीपासून बचावासाठी ते झाडच तयार करतं. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून युरोपात तंबाखूचं पाणी पिकांवर शिंपडत. 1828 मध्ये जर्मनीत पोसेल्ट आणि रायमान यांनी निकोटिन वेगळं केलं. ते नेमकं कुठे लागू पडतं, याचा माग केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी काढला. मज्जातंतू निकामी झाल्यावरही स्नायू निकोटिनला दाद देतो, हे पाहून 1905 मध्ये त्यांनी मांडलं की पेशीतच संदेश स्वीकारणारा काही घटक असतो. हाच आजचा ग्राही.

चेतांमधला संदेशवाहक रेणू ॲसिटिलकोलिन ग्राहीवर येतो, संदेश देतो आणि लगेच विघटित होतो. निकोटिन त्याच ग्राहीवर बसतं, पण त्याचं तसं विघटन होत नाही. चेता पुन्हा पुन्हा उद्दीपित होते, कीटक थरथरतो, लुळा पडून मरतो. पण निकोटिन माणसालाही घातक. 1985 मध्ये जपानमध्ये शिंझो कागाबू आणि सहकाऱ्यांनी त्याच ग्राहीवर बसणारं इमिडाक्लोप्रिड घडवलं. ते कीटकांच्या ग्राहीला घट्ट चिकटतं, सस्तन प्राण्यांच्या ग्राहीला फारच सैल. 1991 मध्ये ते बाजारात आलं. मधमाशीला मात्र तेही घातकच.

2003 मध्ये थायलंडमधले तुडतुडे इमिडाक्लोप्रिडला दाद देईनासे झाले. पुढे भारतासह आशियात तेच दिसलं. औषध किडीला प्रतिकार शिकवत नाही. हजारोंत एखाद्या तुडतुड्यात विष मोडणारं विकर आधीच जास्त असतं. फवारणीत बाकीचे मरतात, तो उरतो आणि त्याचीच प्रजा वाढते. काही माव्यांत तर ग्राहीतलं एकच अमिनो आम्ल बदललं आणि औषधाची पकड सुटली.

म्हणून डब्यावरचं ब्रँडचं नाव बदलून भागत नाही. थायामेथोक्झाम हेही त्याच कुळातलं. घटकाचं नाव वाचा, लागोपाठ एकाच गटाचं औषध मारू नका. युरिया बेताने द्या, लावणीत पट्टे मोकळे सोडा, खाचरातलं पाणी अधूनमधून काढा आणि तुडतुडे खाणारे कोळी जपा. प्रतिकार लांबणीवर टाकणं शेतकऱ्याच्या हातात आहे.