पुण्यातला प्लास्टर आणि पंधरा वर्षांचा खटला

खराडीची ऑफिसं मागे टाकून नगर रोडने वाघोलीत शिरलं की फ्लॅटच्या स्कीम्सच्या जोडीला हॉस्पिटलांच्याही पाट्या दिसायला लागतात. त्यातला एक शब्द हमखास भेटतो : डे केअर सर्जरी. सकाळी अ‍ॅडमिट, संध्याकाळी घरी. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, दुर्बिणीतून तपासणी... सुट्टी एकच दिवस टाकावी लागते, त्यामुळे आपल्या जमातीला हे फार सोयीचं.

ही कल्पना वाटते तितकी नवी नाही बरं का. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या जेम्स निकॉल नावाच्या सर्जनने १९०९ मध्येच जवळजवळ ९ हजार मुलांच्या ऑपरेशन्सचा हिशोब मांडला होता, आणि ती सगळी मुलं ऑपरेशननंतर त्याच दिवशी आयांबरोबर घरी गेलेली. फक्त डे केअरसाठी बांधलेलं स्वतंत्र सेंटर मात्र अमेरिकेत फीनिक्सला १९७० मध्ये निघालं.

आता अशा ठिकाणी गेलं की सगळ्यात आधी हातात काय येतं? फॉर्म. चार-पाच पानं, बारीक टाइप, आणि खाली फुल्या मारलेल्या, "इथे, इथे आणि इथे सही करा". आपण सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना जसं न वाचता 'आय अ‍ॅग्री' दाबतो, तशी सही ठोकतो आणि मोकळे होतो. पण या कागदामागे बरीच कोर्टबाजी आहे, आणि तिच्यातला एक महत्त्वाचा अध्याय घडलाय चक्क आपल्या पुण्यात.

गोष्ट १९५३ ची. ६ मेच्या संध्याकाळी गुहागरजवळच्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. गावच्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या आणि पुण्याला न्यायचा सल्ला दिला. मध्यरात्रीनंतर टॅक्सीने निघून, सुमारे २०० मैलांचा प्रवास करून ९ मेला सकाळी साडेअकराच्या सुमारास मंडळी पुण्यात पोचली. मुलाचे वडील, डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले, दौंडला प्रॅक्टिस करायचे. तेही पुण्यात आले. आधी ताराचंद हॉस्पिटलमध्ये पाय तपासला, मग डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी यांच्या हॉस्पिटलात दुपारी सव्वादोनला मुलाला दाखल केलं.

पुढचं टाइमटेबल कोर्टाच्या निकालात नीट नोंदवलेलं आहे. मॉर्फियाचं इंजेक्शन, एक्स-रे, ऑपरेशन थिएटरमध्ये तासाभराहून थोडा जास्त वेळ, पायाला प्लास्टर, आणि साडेपाचला मुलगा खोलीत परत. सात वाजेपर्यंत मॉर्फियाचा अंमल उतरेल असं आश्वासन मिळालं, म्हणून वडील दौंडला निघून गेले. आई थांबली. साडेसहाच्या सुमारास मुलाला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय, हे आईच्या लक्षात आलं. मग धावाधाव झाली, उपचार झाले, पण रात्री नऊ वाजता मुलगा गेला.

डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहिलं फॅट एम्बॉलिझम, म्हणजे हाड मोडल्यावर चरबीचे कण रक्तात जाऊन अडथळा होणं. आईवडिलांचं म्हणणं वेगळं होतं. नीट भूल न देता, जोर लावून हाड बसवलं, आणि त्या धक्क्याने मुलगा गेला असं ते म्हणत होते. आपण फक्त पाय स्थिर केला, हाड बसवलंच नाही, हा डॉक्टरांचा बचाव. खालच्या कोर्टाने आईवडिलांचं म्हणणं मान्य केलं आणि भरपाई दिली ३,००० रुपये. हायकोर्टाने तेच कायम केलं. डॉक्टर सुप्रीम कोर्टात गेले, तिथेही २ मे १९६८ ला अपील फेटाळलं गेलं. म्हणजे घटनेपासून पंधरा वर्षं!

या निकालात कोर्टाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली : ही केस घ्यायची की नाही हे ठरवताना काळजी, कुठला उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. आजही वैद्यकीय निष्काळजीपणाच्या खटल्यांत 'जोशी विरुद्ध गोडबोले'चा हवाला दिला जातो.

पण वडील स्वतः डॉक्टर असूनही इतकं झगडावं लागलं, तर तुमच्या-आमच्यासारख्याचं काय? दिवाणी दाव्याचा तो रस्ता सामान्य पेशंटला परवडणारा नव्हताच. तो बदलला १३ नोव्हेंबर १९९५ ला. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. आता २०१९ च्या नव्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि ५ लाखांपर्यंत मोजलेल्या सेवेसाठी फीसुद्धा नाही. मुदत मात्र दोन वर्षं.

तक्रार करायची तर कागद हवेत. १९९६ मध्ये मुंबई हायकोर्टाने रघुनाथ रहेजा यांच्या खटल्यात पेशंटला त्याचे केसपेपर मिळायलाच हवेत असं ठणकावलं. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांनी मुदतही घातली : मागणी केल्यावर ७२ तास.

आणि ती सही? त्यासाठी २००८ चा समीरा कोहली खटला वाचावा. दिल्लीतली ४४ वर्षांची बाई, १९९५ मध्ये फक्त दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल घेऊन टेबलावर. आत तपासणी चालू असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजाशय काढून टाकले! सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं, की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. जिवावर बेतलेलं नसेल, तर सज्ञान पेशंट शुद्धीवर येईपर्यंत थांबा आणि त्यालाच विचारा. सोबतच्या नातेवाइकाची सही इथे चालत नाही. न्यूयॉर्कच्या कोर्टाने १९१४ मध्ये जवळपास अशाच एका प्रकरणात हेच तत्त्व मांडलं होतं. आपल्याकडे ते इतकं स्वच्छ लिहून यायला ९४ वर्षं जास्त लागली. असो.

पुढे २०१८ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १७ हक्कांची सनद तयार केली. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये नर्सिंग होमचे नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. त्याच वर्षी जूनअखेर वाघोली पुणे महापालिकेत आली. म्हणजे पाणी आणि रस्त्यांबद्दल आपण जिला शिव्या घालतो, हॉस्पिटलबद्दलची तक्रारही तिच्याच आरोग्य विभागाकडे न्यायची.

आता दुसरी बाजू. मानवाधिकार आयोगाच्या सनदेत पेशंटच्या जबाबदाऱ्याही आहेत : तब्येतीची सगळी माहिती खरी सांगा, सूचना पाळा, आणि डॉक्टर-नर्सवर हात उचलू नका. हात उचलला तर २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. हॉस्पिटलची तोडफोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. तो हवाच. पण डे केअरमध्ये मला माहिती खरी सांगण्याचं कलम जास्त मोलाचं वाटतं. उपाशीपोटी या म्हटलं असताना "एक कपच चहा घेतला" हे लपवलं, तर भुलेत पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मागे कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन आली होती, हे डॉक्टरला आपल्याशिवाय कोण सांगणार?

पालशेतच्या त्या मुलाचा श्वास बिघडल्याचं सगळ्यात आधी दिसलं ते उशाशी बसलेल्या आईला. आणि तो हॉस्पिटलात होता! डे केअरमध्ये तर संध्याकाळी आपण सोसायटीत परत आलेलो असतो. लक्ष ठेवायचं काम बायको, आई किंवा रूममेटकडे येतं. म्हणून सनदेतला माहितीचा हक्क वापरायचा तो डिस्चार्जच्या टेबलावर, सोबतच्या माणसाला शेजारी उभं करून. काय झालं तर घाबरायचं? रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा? तो उचलणार कोण? ही उत्तरं कागदावर लिहून घ्या. काउंटरवाल्याला घाई असेल, असू दे. बिलाच्या पावतीआधी हा कागद मागा.