दुष्काळ, देव आणि विभक्ती : तुकारामांच्या तीन अभंगांसंबंधी

इ. स. १६२९ पासून १६३२ पर्यंत गुजरात व दख्खन या प्रदेशांवर जो दुष्काळ पडला, त्याची साक्ष परस्परांशी संबंध नसलेल्या अनेकांनी दिली आहे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की, भाकरीच्या मोबदल्यात जीव देऊ केला तरी घेणारा नव्हता, आणि हाडांचे पीठ करून ते धान्याच्या पिठात मिसळले जात होते. बादशहाचा मुक्काम त्या वेळी बऱ्हाणपुरास होता. दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार तेथे दानधर्म झाल्याचेही तोच नोंदवितो. नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याकडे निघालेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने वाटेवर पाहिलेल्या प्रेतांची वर्णने वाचवत नाहीत. पुणे प्रांताला तर अवर्षणाच्या जोडीला राजकीय धुमाळीही भोगावी लागली. आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले ते याच सुमारास.

या दुष्काळाची तिसरी साक्ष देहूच्या एका वाण्याची आहे. ती दरबारी नाही आणि प्रवाशाचीही नाही. ज्याचे घर त्यात बुडाले, त्याची ती आहे. तुकारामांच्या जन्मशकाविषयी मतभेद आहेत. बहुमान्य असे १६०८ हे वर्ष धरले, तर या वेळी ते जेमतेम बावीस वर्षांचे होते. आईबाप वारले होते, व्यापार बसला होता. पहिली पत्नी रखुमाबाई व मुलगा संतू हे दोघेही दुष्काळात गेले.

या आपत्तीनंतरही तुकारामांची देवावरील निष्ठा ढळली नाही, उलट वाढली, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेही आहे. परंतु तिचे स्वरूप काय होते? 'देव जे करतो ते भल्यासाठीच करतो' अशा सुलभ समाधानाची ही निष्ठा होती, असे पुष्कळ व्याख्यातेही गृहीत धरतात. प्रस्तुत लेखकाच्या मते अभंगांची भाषा या गृहीताला अनुकूल नाही. व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास ही गोष्ट विशेष स्पष्ट होते.

पहिला अभंग आत्मवृत्तपर म्हणून प्रसिद्ध आहे. संतांनी विचारले म्हणून, खरे तर बोलू नये तरी, मी सांगतो, अशी त्याची भूमिका आहे. म्हणजे श्रोते संत आहेत. येथे दुष्काळ हा शब्द तृतीयेत, म्हणजे कर्ता म्हणून येतो. त्याने द्रव्य आटविले, त्याने मान नेला. पत्नी अन्नासाठी आक्रोश करीत मेली, हे सांगताना क्रियापद अकर्मक आहे. त्यानंतर लाज, त्रास आणि धंद्यातील तूट यांचा उल्लेख येतो. एवढे सगळे सांगून होईपर्यंत सुखाचे एकही विशेषण नाही. मग भंगलेल्या देवळाची दुरुस्ती मनात येते, एकादशीचे कीर्तन सुरू होते, आणि अभ्यासात चित्त नसल्यामुळे संतांची काही वचने पाठ केली, असा प्रांजळ कबुलीजबाब येतो.

दुसऱ्या अभंगात श्रोता बदलतो. तो देवाला उद्देशून आहे आणि त्यात 'बरे' हा शब्द पुनःपुन्हा येतो. दिवाळे निघाले ते बरे, धन व गुरेढोरे गेली ते बरे, जगात अपमान झाला तो बरा. वरवर पाहता हीच ती सर्वस्वीकाराची वृत्ती वाटते. परंतु देव कोणत्या विभक्तीत आहे ते पाहावे. तो सर्वत्र संबोधनात आहे, कर्त्याच्या जागी एकदाही नाही. पीडा करणारा येथेही दुष्काळच आहे, आणि तो पुन्हा तृतीयेतच आहे. 'तू दुष्काळ पाठविलास' असे तुकाराम म्हणत नाहीत. दुष्काळाने पीडले आणि त्या तापातून तुझे चिंतन राहिले, एवढेच ते म्हणतात. 'बरे' हा घटनेनंतर मागे वळून दिलेला अभिप्राय आहे. घटनेमागील हेतूचा शोध त्यात नाही. शिवाय यादी जसजशी पुढे सरकते तसतशी भोगलेल्या गोष्टींची जागा स्वतः केलेल्या गोष्टी घेतात. लोकलाज धरली नाही, शरण आलो, देऊळ केले. बायकामुलांची उपेक्षा केली, हेही याच ओळीत मोजलेले आहे. आजच्या वाचकाला ते खटकते आणि खटकावेच. पण तेथेही कर्तेपण त्यांनी देवाकडे सरकविलेले नाही.

या मताला तिसऱ्या एका अभंगाची अडचण आहे, ती टाळून चालणार नाही. त्यात बाप, बायको, मूल आणि आई यांच्या मृत्यूंची ओळीने मोजदाद असून देव उघडच तृतीयेत आहे. तथापि त्याच्याकडे कोणते क्रियापद दिले आहे? माया सोडविण्याचे. माणसे आपापली मरतात. तेथे 'मरणे' हेच अकर्मक क्रियापद आहे, 'मारणे' हे सकर्मक नाही. देवाचे काम त्यानंतर सुरू होते. हा भेद जाणीवपूर्वक केला असेल असे म्हणण्याचे कारण नाही. बोलणाऱ्याच्या श्रद्धेचे वळण त्याच्या वाक्यरचनेत न कळत उतरते, आणि म्हणूनच तो पुरावा अधिक मोलाचा ठरतो.

याच गाथेत आपल्या लेखी देव मेला, असे संतापाने म्हणणारा अभंगही आहे. गाथेतील साडेचार हजारांवर अभंगांचा कालक्रम लावता येत नाही, तेव्हा आधी संताप व मग शांती अशी सोयीची चढण रचण्यात अर्थ नाही. दोन्ही वृत्ती शेजारी शेजारी नांदत असणे शक्य आहे. भांडण्यालाही समोर कोणी असावा लागतो.

महिपतीने १७७४ मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तलीलामृता'त एक कथा दिली आहे. धाकटा भाऊ कान्होबा याने आपल्या वाट्याची कर्जखते मागून घेतली आणि तुकारामांनी उरलेली इंद्रायणीत बुडविली. सव्वाशे वर्षांनंतरचे हे चरित्र असल्यामुळे तपशिलाची ग्वाही कोणी देणार नाही. पण कथेतील हिशेब चोख आहे. भावाचा वाटा त्याला मिळाला, सोडले ते स्वतःचेच. दुष्काळात ऋणको जितका नागवला होता तितकाच धनकोही, हे ज्या सावकाराने घरात पाहिले, त्याला ती खते वसूल करणे जड गेले असल्यास नवल नाही.

दुसऱ्या अभंगाच्या शेवटी 'बरे' म्हणून जी गोष्ट येते ती एकादशीचा उपवास आणि जागरण. ज्या घरातील स्त्री अन्न मागत मेली, त्या घरचा पुरुष स्वतःहून पत्करलेली उपासमार यादीत सर्वांत शेवटी मांडतो.