एका नावाची दोन मुळं

‘कंपाउंडर’ हा शब्द आपण इंग्रजीतून उचलला आणि त्याचा अर्थ विसरून गेलो. लहानपणी मला एवढंच ठाऊक होतं, की दवाखान्यात छोट्या खिडकीमागे जो माणूस उभा असतो तो कंपाउंडर. तो पुड्या बांधायचा, गुलाबी मिक्श्चर बाटलीत ओतायचा आणि बाटलीला बाहेरून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा. पट्टीवरची एक खाच म्हणजे एक डोस. कंपाउंड करणं म्हणजे मिसळणं, आणि मिसळणं हेच त्याचं मूळ काम होतं, हे फार उशिरा ध्यानात आलं. तोवर कारखान्यातल्या गोळ्यांची पाकिटं आली होती आणि कंपाउंडर फक्त नंबर लावण्यापुरता उरला होता.

वजन उतरवण्याच्या औषधांच्या इतिहासात मात्र हे मिसळणं कधी थांबलंच नाही. त्या इतिहासातला एक प्रसंग ब्रुसेल्समधला आहे. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो वैद्यकाइतकाच भाषांतराचा वाटला, आणि अजूनही तसाच वाटतो.

ब्रुसेल्समध्ये वजन कमी करून देणारं एक क्लिनिक होतं. 1990 पर्यंत त्याला सुमारे पंधरा वर्षं झाली होती. तिथे येणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांना मिळणाऱ्या कॅप्सूल कुठल्या कंपनीच्या नव्हत्या. डॉक्टर चिठ्ठीवर घटक लिहीत आणि औषधविक्रेते त्यानुसार मिश्रण करून देत. भूक मारणारं फेनफ्लुरामिन, लघवी वाढवणारं अ‍ॅसिटाझोलामाइड, रेचक म्हणून कॅस्कारा, शिवाय बेलाडोनाचा अर्क, असा तो मेळ होता. पंधरा वर्षांत क्लिनिकविरुद्ध लक्षात येण्याजोगी तक्रार नव्हती. मे 1990मध्ये मिश्रण बदललं आणि त्यात दोन चिनी वनस्पतींची पूड आली. त्यांतल्या एकीचं शास्त्रीय नाव स्टेफानिया टेट्रांड्रा, दुसरीचं मॅग्नोलिया ऑफिसिनॅलिस.

अशी मिश्रणं ही काही ब्रुसेल्सची कल्पना नव्हती. अमेरिकेत 1940च्या दशकापासून ‘इंद्रधनुषी गोळ्या’ विकल्या जात. अ‍ॅम्फेटामिन, थायरॉइडचा अर्क, मूत्रल, रेचक, हृदयासाठीचं डिजिटॅलिस आणि या सगळ्यांनी उडालेली झोप परत आणायला बार्बिट्युरेट. प्रत्येकीचा रंग निराळा. रंगांचं प्रयोजन असं, की दोन बायकांच्या हाती वेगवेगळे रंग पडले की प्रत्येकीला वाटावं, हे औषध खास आपल्यासाठी नेमलं आहे. वजन खरोखर उतरायचं. पण मूत्रलामुळे शरीरातलं पोटॅशियमही जायचं, आणि पोटॅशियम कमी झालं की डिजिटॅलिस हृदयाला विषासारखं होतं. 1968च्या जानेवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या सुझॅना मॅक्बी यांनी या धंद्यावर लिहिलं. त्या स्वतः दहा डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या आणि येताना 1,479 गोळ्या घेऊन आल्या होत्या. त्याच वर्षी सिनेटर फिलिप हार्ट यांच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि त्या गोळ्यांचं राज्य बहुतांशी संपलं. अमेरिकेपुरतं संपलं, असं म्हणायला हवं.

परत ब्रुसेल्सला येऊ. 1992मध्ये तिथले मूत्रपिंडतज्ज्ञ जाँ-लुई व्हानहेरवेगम यांच्यासमोर दोन स्त्रिया आल्या. दोघी पन्नाशीच्या आतल्या, दोघींची मूत्रपिंडं झपाट्याने निकामी होत चाललेली. तुकडा काढून पाहिला, तर रक्त गाळणाऱ्या गाठी बऱ्याच अंशी शाबूत आणि त्यांच्या भोवतीची ऊती मात्र चामड्यासारखी आवळून गेलेली. हा आजार इतक्या वेगाने सहसा होत नाही. दोघींना जोडणारा दुवा एकच निघाला, ते क्लिनिक. मग शहरातल्या डायलिसिस केंद्रांकडे चौकशी झाली आणि याच वयाच्या, याच क्लिनिकमध्ये जाऊन आलेल्या आणखी सात जणी सापडल्या. 1993मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नऊ जणींचा वृत्तांत छापून आला. पुढे ही संख्या शंभराच्या वर गेली, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या वाट्याला डायलिसिस किंवा प्रत्यारोपण आलं.

मला इथे थांबावंसं वाटतं. दोन वर्षं कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही? एक तर मूत्रपिंड बोलत नाही. थकवा येतो, रक्त कमी होतं, आणि खाणं तोडलेल्या बाईला थकवा आला तर नवल कुणाला वाटणार? पण दुसरं कारण औषधाच्या जातीतच आहे. कारखान्याच्या गोळीला एक नाव असतं, बॅच नंबर असतो. दहा गावांतले दहा रुग्ण आजारी पडले तरी दहाही डॉक्टर कागदावर तेच नाव लिहितात, आणि कुणीतरी कधीतरी ते जुळवतं. चिठ्ठीवरून बनवलेल्या कॅप्सूलला असं नाव नसतं. तिच्यातलं सामान काय होतं हे ज्या त्या चिठ्ठीला ठाऊक. त्या दोघी एकाच तज्ज्ञाकडे आल्या नसत्या, तर प्रकरण आणखी किती लांबलं असतं कोण जाणे.

आता दोष कशाचा, याचा शोध सुरू झाला. स्टेफानियामध्ये टेट्रांड्रिन नावाचं द्रव्य असतं. संशोधकांनी पूड तपासली, तर टेट्रांड्रिनचा पत्ता नाही. 1994मध्ये त्या पुडीत वेगळंच द्रव्य निघालं, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल. ते स्टेफानियात नसतं, अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची या भलत्याच कुळातल्या वनस्पतीच्या मुळात असतं.

अदलाबदल झाली ती नावात. चिनी वैद्यकात स्टेफानियाच्या मुळाला म्हणतात ‘हान फांग-ची’ आणि अ‍ॅरिस्टोलोकियाच्या मुळाला म्हणतात ‘ग्वांग फांग-ची’. दोन्ही ‘फांग-ची’. व्यापारात पुढचं विशेषण गळतं आणि दोन्ही मुळं एकमेकांच्या जागी चालतात. तीच मुळं दळून पिंपात भरली, पिंपावर लॅटिन नाव चढवलं, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवर, औषधविक्रेत्याच्या वहीत, कॅप्सूलच्या डबीवर सगळीकडे ‘स्टेफानिया’ असंच उमटलं. चिनीतलं एक अक्षर गळालं आणि त्याची किंमत ब्रुसेल्समधल्या बायकांनी मोजली. आपल्याला हे अपरिचित वाटायला नको. ‘ब्राह्मी’ म्हटलं की कोणी बाकोपा देतो, कोणी मंडूकपर्णी. आणि अ‍ॅरिस्टोलोकियाचं एक भावंड आपल्याच रानात आहे, संस्कृतात ‘ईश्वरी’, मराठीत ‘सापसन’. ग्रीकांनी या कुळाला दिलेल्या नावाचा अर्थ होतो ‘बाळंतपणासाठी उत्तम’. नाव जितकं मंगल, तितकी त्याची चौकशी कमी, असं माझं निरीक्षण आहे.

आजारालाही चुकीचंच नाव पडलं. वैद्यकीय साहित्यात तो बरीच वर्षं ‘चिनी वनौषधींचा मूत्रपिंडविकार’ म्हणून ओळखला गेला. पुढे त्याला अ‍ॅरिस्टोलोकिक आम्लाचं नाव मिळालं. देशाचं नाव लावलं की दोष दूरच्या कुणाचा तरी ठरतो. क्लिनिक बेल्जियमचं होतं, चिठ्ठी बेल्जियमची होती, मिश्रणही तिथेच झालं होतं. पिंपात काय आहे हे त्या साखळीतल्या एकानेही तपासून पाहिलं नव्हतं.

हे आम्ल फक्त मूत्रपिंड आवळून थांबत नाही, ते पेशींच्या डीएनएला चिकटून बसतं. ज्यांची मूत्रपिंडं आधीच गेली होती अशा 39 रुग्णांनी, कर्करोगाच्या भीतीने, ती निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून टाकायला संमती दिली. 2000मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांतल्या 18 जणांत कर्करोग सापडला होता. एकूण 200 ग्रॅमहून अधिक पूड पोटात गेली असेल तर धोका जास्त, असंही दिसलं. कॅप्सूल बंद करून तोवर सात-आठ वर्षं उलटली होती.

गेल्या काही वर्षांत अमेरिकेत सेमाग्लुटाइडचं जे चाललं ते वाचताना मला हे पिंप आठवत राहिलं. दोन्ही गोष्टी एक नाहीत, हे आधी सांगतो. सेमाग्लुटाइड हे नीट अभ्यासलेलं औषध आहे आणि त्याचा अनेकांना खरा उपयोग होतो. पण 2022पासून त्याचा तुटवडा जाहीर झाला, आणि तिथला कायदा तुटवड्याच्या काळात मिश्रण करणाऱ्या औषधालयांना जवळपास तेच औषध स्वतः बनवून द्यायची मुभा देतो. कारखान्याचं इंजेक्शन परवडत नाही किंवा मिळत नाही अशी लाखो माणसं तिकडे वळली. त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. ब्रुसेल्सच्या बायकांनाही म्हणणार नाही. दोघांच्या हातात डॉक्टरची चिठ्ठी होती.

अशी मिश्रणं बाजारात येण्याआधी अमेरिकेचं औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, त्यांची सुरक्षितता किंवा परिणाम तपासत नाही. काही ठिकाणी सेमाग्लुटाइडच्या जागी त्याचे क्षार, सोडियम किंवा अ‍ॅसिटेट, वापरले गेल्याचं पुढे आलं. नाव जवळपास तेच, पण मान्यता मिळालेलं द्रव्य ते नव्हे. ‘हान’ आणि ‘ग्वांग’मधला फरक असाच किरकोळ दिसला असेल. फेब्रुवारी 2025मध्ये तुटवडा संपल्याचं एफडीएने जाहीर केलं आणि त्या मुभेला वसंतातली मुदत घालून दिली.

त्याआधी, जुलै 2024मध्ये, एफडीएने डोसाच्या चुकांबद्दल इशारा दिला होता. कारखान्याच्या पेनमध्ये डोस आधीच ठरलेला असतो. मिश्रण केलेलं औषध बऱ्याचदा कुपीत येतं, सिरिंज वेगळी. चिठ्ठीवर मिलिग्रॅम, कुपीवर मिलिलिटरमागे मिलिग्रॅम, सिरिंजवर युनिटं. काही रुग्णांनी हव्या त्या डोसाच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतलं, काहींना रुग्णालयात न्यावं लागलं. चुका रुग्णांच्याच होत्या असंही नाही. एकाला 0.25 मिलिग्रॅम द्यायचं होतं, म्हणजे सिरिंजवर 5 युनिटं. लिहिणाऱ्याने लिहिली 25.

आमच्या कंपाउंडरच्या बाटलीत नक्की काय असायचं, हे मी आज सांगू शकत नाही. कुणी तपासलंही नसेल. पण पट्टी कातरताना तो बाटली उजेडासमोर धरायचा, अंगठ्याने खाचा मोजायचा आणि आईला विचारायचा, “वहिनी, एका वेळेला किती द्यायचं, दाखवा बरं बोट ठेवून.”